मुलांची आणि ख्रिस्ती पुस्तकं वाचत वाचत लिहायची सवय लावतेय, चालेल का की मोठं काही वाचू?

बडोदेकरीण

नमस्कार मंडळी, आजवर इथे नुसतं वाचत होते, आज धीर करून लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी बडोद्याची, फतेहगंजात राहते. आजोबा रेल्वेच्या नोकरीत नगरकडून इकडे आले आणि मग इथलेच झालो आम्ही. घरात मराठी पण शाळा पूर्ण गुजराती मीडियम, म्हणजे बोलायला सांगा तासभर बोलेन पण जाडजूड मराठी कादंबरी हातात घेतली की जोडाक्षरांनीच दम लागतो आणि दुसऱ्या प्रकरणात डोळे मिटायला लागतात. मुलगी तिसरीत आहे, तिला रात्री वाचून दाखवायला म्हणून फास्टर फेणे, श्यामची आई, किशोरचे अंक असं आणायला लागले तर तिच्याआधी मलाच चटक लागली, ती झोपली तरी मी पुढे वाचत बसते. दुसरीकडे आजीची ट्रंक आहे, तिच्यात सगळी ख्रिस्ती पुस्तकं, उपासना संगीत, यात्रिक क्रमणाची पानं सुटलेली एक प्रत, स्मृतिचित्रे, आणि कोणी कोणी वाटलेल्या पातळ पातळ पुस्तिका ज्यांच्यावर किंमत पण नाही. त्या पण एकेक काढून वाचतेय.

आता मुद्दा. मला लिहायचंय. कादंबरी वगैरे नाही हो, छोट्या गोष्टी, आमच्या संडे स्कूलच्या मुलांसाठी पण आणि मोठ्यांनी वाचल्या तरी चालतील अशा. रात्री ओटा आवरला की डायनिंग टेबलवर वही घेऊन बसते. कधी दोन पानं होतात कधी तारीख टाकून उठते. एकदा खंड पडला की पुन्हा बसायला इतकं जड जातं की विचारू नका.

आणि जे लिहिते ते शेवटी प्रवचनच होतं. गोष्ट बरी चाललेली असते आणि शेवटच्या चार ओळीत मी खुर्चीवर चढून बोध द्यायला लागते, मलाच कंटाळा येतो वाचताना. एका ऑनलाइन ग्रुपवर टाकलं तर एकाने सरळ लिहिलं की ताई आधी ही बालवाङ्मय आणि भक्तीची पुस्तकं बंद करा, गंभीर साहित्य वाचा, मग लिहा. तेव्हापासून डोक्यात तेच बसलंय. खरंच बंद करू का? आणि सवय टिकवायला काय करता तुम्ही लोक?

मांडवी_ते_मकरपुरा

ताई बंद अजिबात करू नका!! आणि हे तुम्हाला बडोद्यात बसून कोणी सांगितलं असेल तर कमालच आहे. आपल्या गावात सयाजीराव महाराजांनी साहित्यमाला काढली तर सोबत मुलांसाठी वेगळी श्रीसयाजी बालज्ञानमाला पण काढली, म्हणजे मुलांचं पुस्तक हे काय उरलंसुरलं काम नव्हतं त्यांच्या लेखी. १९१० साली अमेरिकेतून बोर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून आणलं आणि सगळ्या राज्यात लायब्ऱ्या उभ्या केल्या, गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरायच्या.

मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जाऊन या एकदा मुलीला घेऊन. ते लोखंडी रॅक आणि काचेची जमीन, खालचा उजेड वर यावा म्हणून काच घातलीय, माझा भाचा पुस्तकं सोडून पायाखाली बघत उभा राहिला होता. मराठी पुस्तकं पण आहेत तिथे, जुनी बरीच. किशोर तर १९७१ पासूनचे अंक बालभारतीने नेटवर फुकट ठेवलेत, प्रिंट मारायची पण गरज नाही.

सवयीचं म्हणाल तर माझा एकच फंडा, मोठ्याने वाचायचं. तुम्ही मुलीला वाचून दाखवता तेच तुमचं ट्रेनिंग आहे. जिथे ती कूस बदलते तिथे वाक्य लांबलंय असं समजायचं. मग स्वतःचं लिहिलेलं पण तिलाच वाचून दाखवा, तिला सांगू नका कोणाचं आहे ते.

शंकासुर

मी थोडा वाईटपणा घेतो. काय वाचू हा प्रश्न लिहिणं टाळायला सगळ्यात सोयीचा असतो. ग्रुपवरच्या त्या माणसाने चुकीचा सल्ला दिला हे मान्य, पण आता इथे पन्नास जण पन्नास पुस्तकं सुचवतील, तुम्ही यादी कराल, यादी फ्रिजवर लावाल आणि वही तारखेवरच राहील.

दुसरं म्हणजे बालसाहित्य म्हटलं की आपण सगळे एकदम हळवे होतो ते मला पटत नाही. मराठीत मुलांसाठी म्हणून छापलेलं निम्मं तरी मोठ्यांनी मुलांना दटावण्यासाठी लिहिलेलं आहे. ससा खोटं बोलला, सशाला शिक्षा झाली, तात्पर्य. आणि ट्रंकेतल्या त्या फुकट वाटायच्या पुस्तिका, न बघता सांगतो, पहिल्या पानावर दारूडा आणि शेवटच्या पानावर सुधारलेला दारूडा. हे रोज वाचलं तर बोध लिहायची खोड लागणारच, त्यात तुमचा काय दोष.

तेव्हा वाचा पण निवडून वाचा. फास्टर फेणे वाचताना बघा, भा. रा. भागवत बोध देत बसतात का? तो पोरगा टॉक् करतो आणि सायकल घेऊन सुटतो, तुम्ही मागे पळता. मोठं झाल्यावर आठवतं काय, तो शूर होता असं कुठे लिहिलेलं नाही आठवत, टॉक् आठवतं.

नगरी_काका

ताई, तुमचं मूळ गाव नगरकडचं वाचून बरं वाटलं, मीही तिकडचाच, नोकरीने बडोदं दिलं आणि आता निवृत्त होऊन इथेच आहे. शंकासुर, पुस्तिकांबद्दल बोललात ते पुष्कळसं खरं आहे पण एका ट्रंकेतली सगळी पुस्तकं एका मापाने मोजू नका, त्याच ट्रंकेत स्मृतिचित्रे आहे हे ताईंनी लिहिलंय ते तुमच्या नजरेतून सुटलं बहुतेक.

ताई, दुसरं काही वाचलं नाही तरी चालेल पण लक्ष्मीबाई टिळक पुन्हा वाचा, यावेळी गोष्टीसाठी नको, त्या कुठे थांबतात ते बघत वाचा. शाळा नाही, लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरं शिकल्या. पहिला भाग १९३४ साली आला तेव्हा वय पासष्टच्या पुढे. म्हणजे तुम्हाला जोडाक्षरांची लाज वाटत असेल तर ती सोडून द्या. आणि लिहिलंय कशाबद्दल, वडिलांचं सोवळ्याचं वेड, नवऱ्याचं न सांगता घरातून निघून जाणं, १८९५ मध्ये नवऱ्याने म्हणजे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा झालेली ताटातूट, मग स्वतःचं सोवळं एकेक करत कसं सुटलं ते. दुसरं कोणी असतं तर पानोपानी साक्ष दिली असती आणि उपदेश केला असता. या बाई प्रसंग सांगतात, त्यात स्वतःचीच फजिती सांगतात आणि पुढच्या प्रसंगाला लागतात. हसू येतं आणि दोन पानांनंतर लक्षात येतं की हे हसण्यासारखं नव्हतं.

ख्रिस्तायन, म्हणजे ख्रिस्ताच्या चरित्रावरचं काव्य, मात्र आत्ता घेऊ नका. रेव्हरंड टिळकांनी सुरुवातीचे दहाएक अध्याय केले, ते १९१९ मध्ये गेले, उरलेलं बहुतेक सगळं लक्ष्मीबाईंनी पुरं केलं, मोठं काम आहे पण ते ओवीत आहे, गद्य लिहायला शिकणाऱ्याने त्याच्यापासून सुरुवात करू नये असं माझं मत. त्यापेक्षा टिळकांच्या मुलाफुलांच्या कविता घ्या, फुलांमुलांचे कवी म्हणतात ते उगाच नाही. म्हणजे तुमच्या त्या ग्रुपवाल्या गृहस्थांनी जे दोन ढीग वेगळे केलेत, बालवाङ्मय एक आणि ख्रिस्ती एक, ते टिळकांच्या घरात एकाच टेबलावर होते. बालकवी ठोमरे त्याच घरात राहून गेले.

आणि बायबलच बघा की. आपण संडे स्कूलला योनाची गोष्ट सांगतो म्हणजे माशाची गोष्ट सांगतो. चार अध्यायांचं पुस्तक, मासा दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी त्याला किनाऱ्यावर ओकून मोकळा होतो. खरी मजा चौथ्यात आहे, निनवे शहर वाचलं म्हणून हा संदेष्टा रुसून उन्हात बसलाय, डोक्यावर सावलीला वेल उगवली तर खूश, किडा लागून वेल वाळली तर मरायची भाषा. देव त्याला विचारतो की तुला एका वेलीचा कळवळा येतो, मग मला या शहराचा येऊ नये का, एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं आहेत ज्यांना उजवं डावं कळत नाही, आणि पुष्कळ गुरंढोरं. संपलं पुस्तक! योनाने काय उत्तर दिलं ते नाही. तो सुधारला का, ते नाही. उधळ्या पुत्राच्या दृष्टांतात पण तेच, बाप बाहेर येऊन थोरल्याची समजूत घालतोय, तो थोरला घरात गेला की अंगणातच उभा राहिला ते लूकने लिहिलेलंच नाही. बोध आपण शिकवणारे चिकटवतो.

आठ_अकराची_मेमू

काका किती सुंदर लिहिलंत, मी ख्रिश्चन नाही पण योना आता वाचणार.

माझं सवयीबद्दल. मी रोज मेमू लोकल गाडीने अपडाउन करते, उभ्याने लिहिता येत नाही म्हणून रोज एक पान वाचायचं, पुस्तक पर्समध्ये टाकायचं आणि तेच पान मनात आपल्या शब्दात सांगायचं, ऑफिसला पोचले की चहा येईपर्यंत आठवेल तेवढं कागदावर. मग संध्याकाळी परतीच्या गाडीत मूळ पान काढून बघायचं आपण काय गाळलं आणि काय पदरचं घातलं. मोठ्यांच्या पुस्तकावर हे करायला गेले तर डोकं दुखायचं, मुलांच्या पुस्तकावर मस्त जमतं कारण एका पानात काहीतरी घडतं तरी. आपण पदरचं काय घालतो हे बघून फार हसू येतं, मी प्रत्येक वेळी "बिचारा" घालते, कोणी पण असो, राक्षस असला तरी बिचारा.

नार्नियावाले सी. एस. लुईस, ते मुलांच्या पत्रांना उत्तरं लिहायचे, १९५६ मध्ये अमेरिकेतल्या एका मुलीला लिहिलेल्या पत्रात त्यांनी लिहिण्याबद्दल सांगितलंय, की वाचणाऱ्याला काय वाटावं ते विशेषणाने सांगू नकोस, भयंकर होतं असं लिहू नकोस, असं वर्णन कर की वाचणारा घाबरला पाहिजे. ते वाचल्यापासून माझ्या बिचाऱ्याची सुट्टी झालीय.

खंड पडला तर मागचं भरून काढायला जाऊ नका, तेवढं नक्की सांगते. काल राहिलं म्हणून आज डबल असं केलं की परवा पण राहतं.

बडोदेकरीण

बापरे किती उत्तरं, सगळ्यांचे मनापासून आभार. काका तुमचं उत्तर मोठ्याने वाचून दाखवलं घरी. शंकासुर तुम्ही म्हणालात तसं यादी नाही केली, काल बसले आणि लिहिलं, इथे टाकते, झोडा हवं तेवढं:

"उत्तरायण झाल्यावरच्या रविवारी अर्धा वर्ग बोटांना पट्ट्या लावून आला. सगळ्यात जास्त पट्ट्या रॉनीच्या. मांजाने तर्जनी आणि मधलं बोट दोन्ही कापलेली, त्यामुळे खडू धरता येईना. नोहाचं तारू रंगवायचं होतं. तो डाव्या हाताने रंगवायला लागला. जिराफ हिरवा झाला कारण हिरवा खडू जवळ होता. शेजारच्या मुलीने सांगितलं जिराफ हिरवा नसतो. रॉनी म्हणाला पाऊस किती दिवस चालू होता माहितीये ना, शेवाळ आलं त्याच्यावर. यावरून आपण शिकतो की देवाने प्रत्येकाला वेगळं बनवलं आहे आणि आपण कोणाच्याही उणिवेला हसू नये, उलट अडचणीतही आनंदाने काम करावे."

(मुलाचं नाव बदललंय. शेवाळाचं खरंच म्हणाला होता.)

शंकासुर

शेवाळ आलं त्याच्यावर. इथे टेकवा. पुढची ओळ वाचताना मला शाळेची घंटा ऐकू आली.

आणि माझे शब्द मागे घेत नाही पण हे वाचून सांगतो, तुम्हाला लिहिता येतं. "हिरवा खडू जवळ होता" हे वाक्य मला सुचलं नसतं.

मांडवी_ते_मकरपुरा

हिरवा जिराफ 😂😂 भाच्याला वाचून दाखवला, तो विचारतोय मग हत्तीला पण आलं का शेवाळ.

शंकासुर बरोबर बोलताय. "सगळ्यात जास्त पट्ट्या रॉनीच्या" याच्यानंतर मला वाटतं एक वाक्य हवं, त्याने पतंग किती कापल्या ते तो सांगत असणारच ना, असं मूल गप्प बसत नाही. बाकी टच करू नका.

बडोदेकरीण

मला पण वाचताना तेच वाटतं की काढावी. पण ताई-दादा, प्रॉब्लेम असा की हे मी संडे स्कूलच्या भिंतीवर लावायला लिहिते आणि तिथे बोध नसला की विचारतातच, गोष्ट छान आहे पण मुलांनी यातून काय घ्यायचं? दरवेळी विचारतात. मग मी घाबरून आधीच घालून ठेवते. आणि खरं सांगू का, माझा पण विश्वास आहे हो त्यावर, मी काही नुसती गंमत म्हणून नाही लिहीत. देवाचं नाव न घेता गोष्ट संपवली तर मला चोरी केल्यासारखं वाटतं.

नगरी_काका

ही अडचण खरी आहे आणि तिच्यावर हसण्यासारखं काही नाही. लिहिणाऱ्या बऱ्याच विश्वासू माणसांची हीच गोची होते.

माझं म्हणणं एवढंच की बोध काढला म्हणजे देव काढला असं होत नाही. तारू आहे, पाऊस आहे, रविवार आहे, मूल ते चित्र रंगवतंय, अजून किती आणायचा देव त्याच्यात? साने गुरुजींकडे बघा, श्यामची आई तुम्ही मुलीला वाचताय, तिथे तर आई सरळ सरळ शिकवते, गुरुजी लपवाछपवी करत नाहीत, १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात बसून लिहिलंय आणि लिहिताना डोळे भरलेले आहेत हे पानावर दिसतं. पण तिथे बोध आईच्या तोंडी आहे, त्या क्षणी त्या पोराला पाय पुसता पुसता ती बोलतेय. लेखक शेवटी वेगळा उभा राहून बोलत नाही तेव्हाच ते सगळ्यात चांगलं होतं, आणि जिथे बोलतो तिथे, लहान तोंडी मोठा घास घेतो, मला ते पुस्तक थोडं कमी आवडतं.

तेव्हा तुमच्या गोष्टीत कोणाला देवाबद्दल बोलायचंच असेल तर रॉनीला बोलू द्या. तुम्ही नका बोलू.

भिंतीवाल्यांसाठी खाली एक बायबलचं वचन लिहा आणि गोष्ट सोडून द्या. वचन वेगळ्या शाईत. त्यांचंही समाधान होतं, गोष्टही वाचते.

शंकासुर

साने गुरुजींवरून माझं काकांशी अजून भांडण होऊ शकतं पण धागा ताईंचा आहे. वेगळी शाई ही आयडिया बेस्ट.

आठ_अकराची_मेमू

ताई पंडिता रमाबाईंचं बायबल आहे का तुमच्या ट्रंकेत? त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून स्वतः केलेलं, त्या १९२२ मध्ये गेल्या आणि छापून १९२४ ला आलं. साध्या बायकांना वाचता यावं म्हणून सोपी भाषा ठेवली म्हणतात. काकांमुळे योना शोधत होते तेव्हा कळलं. असेल तर चौथ्या अध्यायाचा फोटो टाकाल का, मोबाइलवर जे मिळालं ते वेगळं आहे आणि मला दोन्ही शेजारी ठेवून बघायचंय.

बडोदेकरीण

ट्रंकेत आहे ते रमाबाईंचं नाही बहुतेक, पहिली पानंच नाहीत त्यामुळे कोणाचं ते कळत नाही, तरी योनाचा फोटो आज रात्री टाकते, वाळवीने कडा खाल्ल्यात पण मजकूर शाबूत आहे.

बरं रविवारचा रिपोर्ट. काकांचं ऐकून योना पूर्ण सांगितला, मासा पटकन उरकला आणि वेलीपाशी थांबले, शेवटचा प्रश्न विचारला आणि वही मिटली. मुलं दोन सेकंद गप्प आणि मग एकदम कालवा, एक म्हणे मग तो काय बोलला, एक म्हणे तो अजून तिथेच बसलाय का उन्हात, आणि रॉनीला गुरांची काळजी, त्यांना पण उजवं डावं कळत नाही का म्हणाला. मला काहीच बोलावं लागलं नाही, त्यांनीच वीस मिनिटं वाद घातला, कोणीतरी ठरवलं की योनाला मामाने समजावून घरी नेलं असेल. मॅडम दारात उभ्या होत्या, बोध कुठे असं विचारलं नाही त्यांनी, वेळ संपली एवढंच म्हणाल्या.

हिरव्या जिराफाची शेवटची ओळ काढली. पतंगांचं वाक्य घातलं. खाली वचन निळ्या पेनने.

शंकासुर

आणि वही? या आठवड्यात बसलात का रोज?

बडोदेकरीण

रोज नाही. मधे पाहुणे होते दोन दिवस, तेव्हा नुसतं वाचलं. पण भरून काढायला गेले नाही, मेमूवाल्या ताईंनी सांगितलं तसं सरळ पुढच्या पानावर तारीख टाकून बसले. आता योनाचा मामा लिहितेय.